सुदामच्या ओट्यासमोर नांगर

१६ नोव्हेंबर २००३

बोट पाण्यात उतरली. करंजाहून ट्रकवर आली, माळशेज चढून. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, घाटातनं वर होडी नेणारं गिऱ्हाईक तुम्हीच पहिलं." डिंगोऱ्याची निम्मी माणसं काठावर जमलेली. हे जन्मभर गोदीत दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करत आले. आज स्वतःच्या बोटीला चावी मारायच्या आधी ह्यांनी दोनदा हात पुसले. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं. नारळ मी फोडला.

नाव लाल अक्षरांत, हातभर उंचीचं. सोनाबाई. माझ्या सासूबाईंचं. पेंटरला सांगितलं होतं, एकाच बाजूला काढ, बंगल्याकडच्या. हे हसले. "बोट वाऱ्यावर फिरते गं, ती काय एकाच कुशीवर झोपणारे?" मग दोन्ही बाजूंना काढून घेतलं.

१७ नोव्हेंबर

बरोबर जागा सापडली. ह्यांनी खुणा जुळवल्या. मागे टेकडीवरचं मारुतीचं देऊळ, डावीकडे दोन डोंगरांमधली खिंड. आमचं थोरलं वावर आता बरोबर पायाखाली. वावरावर धरणाचं पाणी, पाण्यावर आम्ही. आणि समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, धाकट्या दिराचा बंगला.

सकाळी सुदाम तांब्या घेऊन ओट्यावर आला. बोट बघितली. नाव वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलतात, अजूनही. चूळ न भरताच आत गेला.

चहा फार छान झाला होता आज.

२५ नोव्हेंबर

बोटीतला संसार. केबिनमध्ये दोन बाकडी, मध्ये अंग चोरून जाता येईल एवढी वाट. हे स्टोव्हजवळ आले की मी बाहेर, मी आत आले की हे बाहेर. डबे सगळे दोरीनं बांधलेत. काल वारा सुटला तेव्हा हळदीचा तेवढा सुटला आणि ह्यांचं बनियन नवरदेवासारखं झालं. सकाळच्या विधींसाठी छोट्या होडीतून पलीकडच्या काठाला, करवंदीच्या जाळीमागे. या वयात! ह्यांना सगळ्याचाच आनंद. इंजिनाशी बोलत बसतात. माझ्याशी इतकं कधी बोलले नाहीत.

ओतूरच्या बाजारात बायका विचारतात, "ताई, चांगलं घरदार सोडून हे काय?" मी सांगते, ह्यांची हौस.

हौस ह्यांचीच. जागा मी निवडली.

४ डिसेंबर

पाणी आज काचेसारखं. शाळेची आठवण झाली. होस्टेलच्या मागच्या चॅपेलची फरशी अशीच दिसायची, शनिवारी आम्ही पुसली की. सिस्टर सांगायच्या, सूर्य मावळायच्या आत मनातला राग सोडून द्यावा. आम्ही मुली मांडी घालून खरोखरच डोळे मिटून राग सोडायचो. कुणी पेन्सिल पळवली, कुणी नावं ठेवली. सुटायचा पण!

इथं सूर्य मावळतो तो बरोबर सु.च्या बंगल्यामागे. म्हणजे दिवसाचं शेवटचं जे दिसतं ते त्याचं छप्पर. सिस्टरना हे कसं सांगावं.

२८ डिसेंबर

आत्याबाईंची तिथी. (सासूबाईंना मी शेवटपर्यंत आत्याबाईच म्हणत आले.) बोटीच्या टपावर वाडी ठेवली. वरण, भात, त्यांना आवडायची ती मेथीची भाजी, भाकरीचा पापुद्रा. तिकडे सु.नं गच्चीवर पान ठेवलं. दोघे भाऊ आपापल्या छपरावर हात जोडून उभे, मध्ये पाणी. कावळे त्याच्या शेवग्यावर बसलेले. त्याचंच झाड.

कावळा आमच्याकडे आला. आधी आमच्याकडे. मी सु.कडे बघितलं, चांगलं डोळे भरून. तो पायऱ्या उतरून गेला.

पाणी चढलं त्या वर्षी आम्ही संक्रांतीला म्हणून आलो होतो. आ.बां.साठी चंद्रकळा घेतली होती, काळीभोर, बारीक बुट्ट्यांची. ओतूरच्या एसटी स्टँडवर उतरलो. चहावाला ओळखीचा. म्हणाला, "दहाव्याला दिसला न्हाईत तुमी?"

ह्यांनी विचारलं, "कुणाच्या?"

त्या माणसाच्या हातातली किटली तशीच वाकडी राहिली. चहा सांडत होता.

सु.नं आजारही कळवला नाही, मरणही नाही. विचारलं तर म्हणाला, फोन लागत नव्हता. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही.

१५ जानेवारी २००४

संक्रांत. ती चंद्रकळा आज पेटीतून काढली. दोन्ही टोकं दोरीला बांधून बोटीच्या अंगभर सोडली, बंगल्याच्या बाजूनं. वारा चांगला होता. दिवसभर फडफडत होती. जेवताना हे म्हणाले, "आईला दाखवतेस, का त्याला?" मी म्हटलं, आईला दाखवून उपयोग काय.

दुपारी काठावरून हाक. "मोठी आऽई!" मनीषा. हे होडी घेऊन गेले, तिला घेऊन आले. सु.ची मुलगी, पण तिची आई नलू गेली तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत माझ्याकडेच वाढली. आम्हाला मूल नाही, तिला आई नाही. तिला वेण्या घालायला मीच शिकवलं. आता ओतूरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन माझ्या डोक्याइतकी झाली. बाकड्यावर बसून तिळगूळ दिला आणि एकदम रडायला लागली. जमलं म्हणे. मंचरकडचा मुलगा, शिक्षक. लग्न वैशाखात.

"देवक तुमीच बसवायचं, मोठी आई. बापूला कसं बसवता येईल?"

नाही येत. देवकाला जोडपं लागतं. उपरण्या-शेल्याची गाठ मारून, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन, वाजतगाजत दोघांनी मारुतीला जायचं. नलू नाही, सु. एकटा. घरातलं थोरलं जोडपं आम्हीच.

मी म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, आमंत्रणाच्या अक्षता दारात येऊन द्यायच्या असतात. आमचं दार इथं आहे."

"बापू पाण्याला भितो, मोठी आई. म्हशीला सोडवायला गेला व्हता, गळ्याइतक्या पाण्यात अडकला, तवापासून काठावर पाय बुडवत न्हाई."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, बोललेलं गिळता आलं तर बरं. नाही गिळलं.

९ फेब्रुवारी

ह्यांच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. भाजलेल्या, राखेच्या. आमच्याकडे चूल नाही, स्टोव्ह आहे.

"कुठं गेला होतात?"

"डिझेल आणायला."

"डिझेलबरोबर शेंगा देतात?"

"अगं, धाकटा भाऊ आहे. ओट्यावर बोलावलं, बसलो. काही बोललो नाही आम्ही. शेंगा खाल्ल्या फक्त."

दोघे भाऊ लहानपणापासून असेच. काही न बोलता शेंगा. मला राग आला तो वेगळाच. ह्यांची आई गेली, आणि रागवायची माझ्यावर पाळी. ह्यांनी निदान निम्मा वाटा उचलायला हवा होता.

रात्रीचा भात मी एकटीपुरता लावला.

२१ मार्च

पाडवा. गुढी टपावर. पाण्यात तिचं प्रतिबिंब उलटं, तांब्या खाली. मस्त दिसत होतं. तिकडे मनीषानं उभारलेली गुढी. मला बघून तिनं हात हलवला. मीही हलवला. तेवढ्यात सु. बाहेर आला म्हणून हात खाली घेतला. तिला वाटलं असेल...

१६ एप्रिल

कॅनॉलला आवर्तन सोडलंय. पाणी भराभर खाली. काठ रोज आपल्याकडे चालत आल्यासारखा वाटतो. हे सकाळपासून मागे लागलेत, "नांगर उचलू, मधल्या खोल धारेत जाऊ."

बावीसला साखरपुडा, अक्षय्य तृतीयेला. मंचरचे पाहुणे ओट्यावर बसणार. बसले की समोर बघणार. समोर बघितलं की विचारणार, "हे कोण हो?" त्या वेळी सु.चं तोंड कसं होतं ते मला बघायचं आहे. त्यासाठी तर इथं आले.

"साखरपुडा झाला की जाऊ," मी म्हटलं.

"तळ लागेल."

"लागू दे."

हे इंजिनाकडे गेले. त्याच्याशी काहीतरी बोलले.

१९ एप्रिल

मनीषाचा मामा काठावर आला. अक्षतांची वाटी हातात. तिथूनच ओरडला, "वैनी! दाजींनी अक्षता धाडल्यात! हितनंच टाकू का?"

मी म्हटलं, "बदकांना टाका."

काठावरची माणसं हसली. मामासुद्धा हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण मामाच्या मागे मनीषा उभी होती.

संध्याकाळी निरोप आला, सु. म्हणतो भावकीतली दुसरी जोडी बघतो. मनीषा म्हणाली, मग मी हळदीलाच बसत नाही. बापलेकींचं वाजलं. पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू येत होता. पोर माझ्यासाठी भांडत होती. मला आनंद व्हायला हवा होता का? झाला. थोडा. मग जेवण गेलं नाही.

२२ एप्रिल

कसं लिहू.

सकाळी गाड्या आल्या. पाहुणे ओट्यावर. मी ठेवणीतलं पातळ नेसून, खुर्ची टाकून बाहेर बसले होते. म्हातारे व्याही कपाळावर हात धरून बघायला लागले. सु. त्यांच्याशेजारी. आता विचारणार, आता विचारणार, अशी मी बघत असताना बोटीनं खालून एक सुस्कारा टाकला. खरंच, सुस्काराच. आणि बोट एका अंगावर कलली.

वावराच्या बांधावर बसली. आमच्याच बांधावर.

खुर्ची घसरली, खुर्चीबरोबर मी. डबे, स्टोव्ह, देव, सगळे एका बाजूला. हे केबिनमधून ओरडत होते, "सांगितलं होतं! सांगितलं होतं!" ओट्यावरचे सगळे उभे राहिले. मी कठड्याला धरून, पातळ सावरत, पाय वर. व्याह्यांनी विचारलंच. "हे कोण हो?"

सु.नं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. पण तो हसला नाही. सगळे हसत होते, तो हसला नाही. हे मी लिहून ठेवते, कारण लिहिलं नाही तर मी विसरेन, मुद्दाम.

२४ एप्रिल

पाणी पार मागे सरलं. बोट चिखलात, बांधाला टेकून, सोनाबाई नाव आभाळाकडे तोंड करून. बघायला माणसं येतात. एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन चाललेला, थांबला. "पाव्हणं, नांगर टाकला व्हता पाण्यात, निघाला वावरात. आता पेरूनच टाका!" हे पण त्याच्याबरोबर हसत सुटले. त्याला चहा दिला. कलत्या बोटीत चहा अर्धाच भरता येतो.

मी बाहेर पडले नाही.

ह्यांनी दगड आणि ओंडके लावून बोट थोडी सरळ केलीय. तरी झोपलं की मी ह्यांच्या अंगावर घरंगळते. ह्यांची तक्रार नाही.

२७ एप्रिल

सु. आला.

पाणी नाही, म्हणजे यायला आडकाठी नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पोटऱ्यांइतक्या चिखलातून, एक हात वर, हातात अक्षतांची वाटी. बोटीखाली येऊन उभा राहिला. बोट जमिनीवर असली की केवढी उंच वाटते. त्याचं डोकं माझ्या पायाशीसुद्धा पोचत नव्हतं. मी शिडी सोडली नाही. हे बाजारात गेलेले.

"वैनी, आलो तुमच्या दारात."

मी कठड्याला धरून उभी.

"मनीच्या देवकाला या. म्या बोलावलं न्हाई म्हून नाय म्हणता, आता बोलावतोय."

मला वाटलं वळेल. वळला नाही. खाली बघत, चिखलाशी बोलावं तसं बोलायला लागला.

"फोन लागत व्हता. लई डाव लागत व्हता. म्याच केला न्हाई. आई किती वर्सं माझ्याकडं व्हती, तुमाला ठावं हाय. नलू गेल्यावर आईची न्हाणी, हागणं-मुतणं, समदं म्या केलं. पुरुष मानूस असून. आन् शेवटाला काय? 'थोरली आली का? थोरली आली का?' दिसभर. मला वळखनाच. पाणी पाजलं तर म्हनायची, थोरलीच्या हातनं पिते. म्हनलं, नाय बोलवत. मेली तरी नाय बोलवत. एकदा तरी माझी एकट्याची ऱ्हाऊ दे."

वाटी वर धरली त्यानं. हात पुरा ताणून. मी घेतली नाही. मग चाचपडत कठड्याच्या कडेला ठेवली आणि गेला. चिखलात त्याचा एक पाय रुतला, काढता येईना. मी वरून बघत राहिले. काढला शेवटी, चप्पल आतच राहिली.

आ.बा. मला बोलवत होत्या. दिवसभर. मी तेव्हा कुठं होते? गिरगावात चंद्रकळा निवडत असेन. ही का ती, असं करत.

त्याला बोट चढू दिली नाही हे बरं केलं. समोर असता तर मी त्याला मारलं असतं. किंवा...

२८ एप्रिल

त्या माझं नाव घेत होत्या. काल तेवढंच मनात. रागाच्या आत कुठंतरी गोड. इतकं गोड की लाज वाटते. तो रडत सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, पुन्हा सांग. अजून एकदा सांग, काय म्हणायच्या.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून पाठ फिरवून बसले. नंतर म्हणाले, "माझं नाव नाही घेतलं?"

थोरली म्हणजे मीच. थोरला म्हणाल्या नाहीत. दोन्ही लेकांना सोडून त्यांनी सुनेला हाक मारावी, हे काय होतं?

वाटीतल्या अक्षता साळुंक्यांनी निम्म्या खाल्ल्या. हे म्हणाले, "दारात ठेवल्या म्हणजे आमंत्रण पोचलं." मी म्हटलं, "हातात घेतल्याशिवाय पोचत नाही." कोणता नियम खरा, कुणाला विचारायचं? हे असलं सगळं आ.बां.ना ठाऊक असायचं.

३ मे

सु.नं ट्रॅक्टर पाठवला, बोट ओढून पाण्यात न्यायला. ह्यांनी परत पाठवला. तळ फाटेल म्हणाले. पाणी येईल तेव्हा आपोआप उठेल. म्हणजे पावसापर्यंत आम्ही वावरातच.

चिखल वाळला. भेगा पडल्यात. संध्याकाळी पहिल्यांदा खाली उतरले. चपला काढून बांधावरून चालले. लग्न होऊन आले तेव्हा याच बांधावर मला धड चालता येत नव्हतं. कॉन्व्हेंटची पोर म्हणून भावकीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आत्याबाई पुढे चालत आणि मागे न बघता म्हणत, "माझ्या पायावर पाय ठेवीत ये."

सु.ची चप्पल सापडली. वाळून दगड झालेली. तिथंच ठेवली.

७ मे

मनीषा आली होती. उद्या देवक आणि हळद. मेंदी ओली, म्हणून हात वर धरूनच शिडी चढली. मला वाटलं, विनवणी करेल. नाही केली. म्हणाली, "मोठी आई, तू नाय आलीस तर बी मी तुझ्यावर रागवणार नाय. पण मग मला राग कुणावर काढायचा ते सांग."

तिला जेवू घातलं. माझ्या हातानं, तिचे हात मेंदीचे म्हणून. भाताचा घास घेताना तिनं डोळे मिटले. अगदी लहानपणी मिटायची तसे.

मी हो म्हटलं नाही. आता त्याला माफ केलं तर आ.बां.ची ती हाक वाया गेली, असं वाटतं. आणि नाही केलं तर ही पोर... पुढं लिहवत नाही.

८ मे

सकाळी केबिनमध्ये होते. सनई ऐकू आली. वाटलं, मांडवात. पण जवळ जवळ येऊ लागली. बाहेर येऊन बघते तर वाजंत्री वावरातून येतेय. सनईवाला, डफवाला, भेगांत पाय अडखळत, तरी वाजवत. पुढे सु., नवा फेटा, हातात काही नाही. थोरल्या जोडप्याला वाजतगाजत न्यायचं असतं, म्हणून घेऊन आला. बोटीला वळसा घालून दाराच्या बाजूला उभा राहिला.

हे धोतर नेसून केव्हाचे तयार. माझ्याकडे बघितलं, मग शिडीवरून उतरले आणि भावाशेजारी जाऊन उभे राहिले. दोघांची उभं राहायची ढब एकच, एक पाय सैल सोडून. आ.बां.ची.

सनईवाल्यानं वर बघून विचारलं, "वैनी, निघायचं का?"

मी म्हटलं, "वाजवत राहा. मला तयार व्हायला वेळ लागतो."

आत येऊन हे लिहीत बसले आहे. केस विंचरलेले नाहीत. पातळ बाकड्यावर घडी न मोडलेलं. मांडवाकडून बायकांची हाक आली, एकदा, मग पुन्हा. मुहूर्त टळायला अजून थोडा वेळ आहे, ह्यांनी खालून सांगितलं, हळू आवाजात, जणू कुणी झोपलंय. डफवाला दमला, थांबला. सु.चा आवाज आला, "वाजव रे. वैनी वाजव म्हनल्यात."

जाईन की नाही, मला अजून कळलेलं नाही. खरंच कळलेलं नाही.

ऊन चढलंय. खिडकीतून दिसतं, सु.च्या फेट्याखालून घाम येतोय, पुसत नाही, सावलीतही सरकत नाही. उभा राहू दे अजून थोडा.